प्रयोगशाळेतून कारखान्यात: करारावर सही करण्यापूर्वी

चेन्नई सेंट्रलच्या मूर मार्केट संकुलातून उत्तरेकडे सुटणारी लोकल एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी मागे टाकत गुम्मिडिपूंडीला पोहोचते. तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या या गावाची उद्योगजगतातली ओळख म्हणजे सिपकॉट या तमिळनाडूच्या औद्योगिक महामंडळाची वसाहत. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या, रोलिंग मिल, रसायनांचे कारखाने आणि वाहनांचे सुटे भाग बनवणारी युनिट्स इथे शेजारीशेजारी उभी आहेत. हाच लोहमार्ग पुढे आंध्रात सुल्लुरुपेटला जातो. श्रीहरिकोट्याच्या अवकाश केंद्राचे ते जवळचे स्थानक. चेन्नईच्या अड्यारला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, तरमणीला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, संकुल आहे, आवडीला रणगाड्यांवर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे आणि चेन्नईच्या दक्षिणेला कल्पाक्कमचे अणुसंशोधन केंद्र आहे. सरकारी पैशावर चाललेले इतके संशोधन ज्याच्या हाकेच्या अंतरावर आहे, असा कारखानदार देशात फार ठिकाणी सापडणार नाही.

तरीही लहान कारखानदार परदेशी यंत्रविक्रेत्याकडे जितक्या सहज जातो, तितक्या सहज राष्ट्रीय प्रयोगशाळेचे दार ठोठावत नाही. तिथे कुणाला भेटायचे, काय मागायचे, सही कुणाची चालते, पैसे किती द्यायचे आणि उद्या वाद झाला तर कोणता कायदा पाठीशी उभा राहणार, या प्रश्नांवर घोडे अडते. गुम्मिडिपूंडीत, चाकणमध्ये किंवा इचलकरंजीत कारखाना चालवणाऱ्या मराठी उद्योजकाला या प्रश्नांची उत्तरे आधीच हाताशी हवीत.

एकच कायदा का नाही?

अमेरिकेत 1980 साली या विषयावर लागोपाठ दोन कायदे झाले. स्टीव्हन्सन-वायडलर कायद्याने संघराज्याच्या प्रयोगशाळांवर तंत्रज्ञान बाहेर देण्याची जबाबदारी टाकली. बाय-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना आणि लहान उद्योगांना ठेवू दिली. 1986 च्या सुधारणेने सरकारी प्रयोगशाळांना खासगी उद्योगांबरोबर संयुक्त संशोधनाचे करार थेट करण्याची मुभा दिली.

भारतानेही तसा प्रयत्न केला. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेच्या संरक्षणाचे आणि वापराचे विधेयक डिसेंबर 2008 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. शोधातून मिळणाऱ्या उत्पन्नातला किमान 30 टक्के वाटा संशोधकाला द्यावा, अशी तरतूद त्यात होती. सरकारी पैशातून लागलेला शोध पुन्हा जनतेलाच महाग पडेल का, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. विधेयकाचा कायदा झाला नाही, ते मागे घेण्यात आले.

त्यामुळे भारतात तंत्रज्ञान हस्तांतरणाचा एक सर्वसमावेशक कायदा नाही. पेटंट कायदा 1970, तंत्रज्ञान विकास मंडळ कायदा 1995, विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या मार्च 2000 च्या सूचना आणि प्रत्येक संस्थेचे स्वतःचे धोरण यांच्या जोडणीवर सगळा व्यवहार चालतो. मार्च 2000 च्या सूचनांनी शोधाची मालकी संशोधन करणाऱ्या संस्थेकडे दिली, संशोधकांच्या वाट्याची मर्यादा प्रत्यक्ष कमाईच्या एक तृतीयांशावर ठेवली आणि सरकारी कामासाठी तो शोध रॉयल्टी न देता वापरण्याचा हक्क सरकारकडे राखला. उद्योजकासाठी याचा अर्थ सरळ आहे. कायद्याने जे लिहून ठेवलेले नाही, ते सगळे करारात लिहून घ्यावे लागते. म्हणूनच कराराचा मसुदा वाचण्याचे काम यंत्र निवडण्याइतकेच गांभीर्याने करायला हवे.

समोर नेमका कोण बसला आहे?

पहिली तपासणी सहीची. सीएसआयआर ही नोंदणीकृत सोसायटी आहे. तिच्या प्रयोगशाळांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही. अड्यारची चर्म संस्था असो वा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असो, करार सीएसआयआरच्या नावाने होतो आणि प्रयोगशाळेतला अधिकृत अधिकारी त्यावर सही करतो. भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रो किंवा डीआरडीओ हे सरकारी विभागांचे भाग आहेत. तिथे राज्यघटनेचे कलम 299 लागू होते. केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने व्हावा लागतो आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच त्यावर सही करावी लागते. ज्या शास्त्रज्ञाने शोध लावला त्याच्याशी झालेली बोलणी, त्याचा ईमेल किंवा त्याने दिलेला नमुना यांना कराराची जागा घेता येत नाही. शास्त्रज्ञाशी मैत्री जरूर असावी, पण व्यवहार व्यवसाय विकास विभागाशी किंवा तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाशीच करावा.

काही वेळा समोर तिसरी संस्था येते. राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ, म्हणजे एनआरडीसी, 1953 साली याच कामासाठी स्थापन झाले. प्रयोगशाळा आपले तंत्रज्ञान त्याच्याकडे सोपवते आणि महामंडळ उद्योगांना परवाने देते. अशा वेळी महामंडळाला दिलेले अधिकार कोणत्या प्रदेशापुरते आणि किती वर्षांसाठी आहेत, हे कागदावर मागून घ्यावे.

तंत्रज्ञान किती पिकले आहे?

चार माणसांचा भात उत्तम शिजवणाऱ्याला पंगतीचा भात जमेलच असे नाही. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञान कारखान्यात आणताना नेमका हाच अनुभव येतो. यासाठी जगभर एक ते नऊ अशी तंत्रज्ञान-सज्जतेची पातळी वापरली जाते. नासाने रूढ केलेल्या या मोजपट्टीवर एक म्हणजे मूळ तत्त्व कळले, चार म्हणजे प्रयोगशाळेत घटक जुळवून चालवले आणि नऊ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झाले. पहिल्याच भेटीत पातळी विचारावी. सांगितलेली पातळी कशावरून ठरवली, तेही विचारावे.

चर्म संस्थेच्या पाणीविरहित क्रोम प्रक्रियेचे उदाहरण घ्या. पारंपरिक पद्धतीत कातडी मोठ्या लाकडी ड्रममध्ये टाकतात, मीठ आणि आम्ल घातलेल्या पाण्यात फिरवतात, मग क्रोमियमचे क्षार देतात आणि शेवटी क्षारता वाढवून क्रोमियम कातड्यात पक्के बसवतात. बरेचसे क्रोमियम कातड्यात न मुरता सांडपाण्यात निघून जाते, हीच या धंद्याची जुनी डोकेदुखी आहे. संस्थेच्या नव्या पद्धतीत क्रोम देण्याच्या टप्प्यावर पाणी वापरावे लागत नाही आणि त्याच्या आधीची व नंतरची अशा दोन प्रक्रिया पूर्ण वगळल्या जातात. संस्थेच्या सांगण्यानुसार क्रोमियमचा वापर 15 ते 20 टक्क्यांनी आणि सांडपाण्यातले विरघळलेले क्षार 20 टक्क्यांनी कमी होतात.

हे आकडे ऐकून कारखानदाराने थेट कराराकडे धावू नये. हाच प्रयोग आपल्या ड्रममध्ये, आपल्या कच्च्या मालावर, आपल्या कामगारांकडून करून पाहायला मिळेल का, हे विचारावे. बहुतेक प्रयोगशाळा गोपनीयतेचा करार झाल्यावर प्रात्यक्षिक दाखवायला तयार असतात. प्रात्यक्षिकात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: एका खेपेचा आकार, कच्च्या मालाची शुद्धता, एका खेपेला लागणारा वेळ आणि फुकट गेलेल्या मालाचे प्रमाण. प्रयोगशाळेत वापरलेले रसायन विश्लेषणासाठीच्या शुद्ध दर्जाचे असते. गुम्मिडिपूंडीच्या गोदामात येते ते औद्योगिक दर्जाचे. या फरकामुळे उत्पादन बिघडत असेल तर ते करारानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

एकट्याला की अनेकांना?

मतदानानंतर बोटावर लागणारी शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट त्वचेशी संयोग पावते, प्रकाशात काळपट होते आणि धुऊन जात नाही. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई कर्नाटक सरकारची म्हैसूर पेंट्स ही कंपनी बनवत आली आहे. परवाना एनआरडीसीमार्फत मिळालेला आहे. निवडणुकीच्या शाईचे सूत्र फार हातांत जाऊ नये, म्हणून इथे एकालाच परवाना देणे योग्य ठरले. इस्रोने मात्र आपले लिथियम-आयन सेलचे तंत्रज्ञान 2018 मध्ये देऊ केले तेव्हा उलटा मार्ग घेतला. एकाच कंपनीला हक्क न देता पात्र ठरणाऱ्या अनेक उद्योगांना परवाना देण्याचे ठरवले. देशात बॅटरीचे उत्पादन वाढावे, हा त्यामागचा हेतू होता.

लहान उद्योजकाला अनेकांना मिळणारा परवाना स्वस्त पडतो. पण शेजारच्या शेडमध्ये तोच माल तयार होऊ शकतो, हे गृहीत धरावे लागते. अनन्य परवाना महाग असतो आणि तो घेणाऱ्याकडून संस्था उत्पादन कधी सुरू करणार, किमान किती करणार याची हमी मागते. एक कायदेशीर फरकही मोठा आहे. पेटंट कायद्याच्या कलम 109 प्रमाणे अनन्य परवानाधारक पेटंटच्या उल्लंघनाविरुद्ध स्वतः दावा लावू शकतो. साध्या परवानाधारकाला तो हक्क नाही. त्याने नक्कल करणाऱ्याविरुद्ध पाऊल उचलण्याची जबाबदारी संस्थेवर टाकणारे कलम करारात मागावे. मधला मार्गही आहे: दक्षिण भारतापुरता किंवा एकाच वापरापुरता अनन्य परवाना. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याचा ग्राहक चेन्नई, श्रीपेरुंबुदूर आणि आंध्रच्या श्रीसिटीतच असेल, तर देशभराच्या हक्कासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

कराराची कलमे

प्रथम पेटंट जिवंत आहे का ते पाहावे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते आणि नूतनीकरण शुल्क भरले नाही तर ते मध्येच संपते. पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधप्रणालीवर क्रमांक टाकला की स्थिती दिसते. अर्ज दाखल आहे पण पेटंट मंजूर नाही, अशी स्थिती असेल तर ते करारात स्पष्ट लिहावे आणि अर्ज नामंजूर झाल्यास रॉयल्टी किती कमी होईल, हेही नमूद करावे.

मग पैसे. बहुतेक परवान्यांत एकरकमी शुल्क आणि विक्रीवर रॉयल्टी असे दोन भाग असतात. एकरकमी शुल्क टप्प्यांत विभागून मागावे: काही सहीच्या वेळी, काही तांत्रिक दस्तऐवज हाती आल्यावर आणि काही चाचणी उत्पादन यशस्वी झाल्यावर. रॉयल्टी कशावर मोजायची, हा शब्द सगळ्यात महाग पडतो. समजा, एका व्हॉल्व्हला प्रयोगशाळेने शोधलेला गंजरोधक थर द्यायचा आहे. व्हॉल्व्हची किंमत 1,000 रुपये, थराचा खर्च 80 रुपये आणि रॉयल्टी 3 टक्के. पूर्ण व्हॉल्व्हवर मोजली तर नगामागे 30 रुपये, फक्त थरावर मोजली तर 2 रुपये 40 पैसे. म्हणून ‘निव्वळ विक्री मूल्य’ या शब्दाची व्याख्या करारातच हवी, आणि तिच्यातून जीएसटी, वाहतूक व परत आलेला माल वगळलेला हवा. बौद्धिक संपदेच्या परवान्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरावा. दरवर्षी किमान रॉयल्टी मागितली गेली तर पहिली दोन वर्षे तिच्यातून सूट मागणे रास्त आहे.

पेटंट कायद्याची दोन कलमे उद्योजकाने जवळ बाळगावीत. कलम 140 प्रमाणे परवान्यातल्या काही अटी बेकायदेशीर ठरतात: पेटंट नसलेला कच्चा मालही आमच्याकडूनच घ्या, तुम्ही केलेली सुधारणा फक्त आम्हालाच द्या, पेटंटला आव्हान देऊ नका, हवे असलेल्या परवान्याबरोबर नको असलेलेही घ्या. कलम 141 प्रमाणे पेटंट संपल्यावर परवानाधारक तीन महिन्यांची सूचना देऊन करार संपवू शकतो. सुधारणांबाबत मध्यममार्ग असा: सुधारणा ज्याने केली त्याची मालकी, दुसऱ्याला वापराचा हक्क.

शिकवण्याचे कलम दुर्लक्षिले जाते. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झालेला स्वराज ट्रॅक्टर पंजाबमध्ये उत्पादनाला गेला तेव्हा नकाशांबरोबर त्याचे रचनाकारही संस्था सोडून पंजाब ट्रॅक्टर्समध्ये गेले. चंद्रमोहन हे त्यांचे प्रमुख. 1974 मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रत्येक उद्योजकाला असे भाग्य मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेचे किती तज्ज्ञ किती दिवस कारखान्यात येतील, कारखान्याचे किती कामगार प्रयोगशाळेत शिकतील, पहिल्या किती खेपा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निघतील, हे आकड्यांत लिहावे. हस्तांतरण ‘पूर्ण झाले’ असे कधी म्हणायचे, याची कसोटी उत्पादनाच्या दर्जावर ठेवावी, कागदपत्रे मिळण्यावर नाही.

सही झाली की काम संपत नाही. पेटंट कायद्याच्या कलम 68 प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो आणि कलम 69 प्रमाणे त्याची नोंद पेटंट नियंत्रकाकडे नमुना 16 मध्ये करावी लागते. नोंद नसलेला दस्तऐवज हक्काचा पुरावा म्हणून सहसा ग्राह्य धरला जात नाही. दक्षिणेकडच्या राज्यांसाठी पेटंट कार्यालय चेन्नईत गिंडीला आहे. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का, याचे विवरण नमुना 27 मध्ये द्यावे लागते आणि ही जबाबदारी परवानाधारकावरही येते. 2024 च्या नियमांनंतर ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे आहे.

पैसा कुठून?

भारतात 1986 च्या कायद्याने आयात तंत्रज्ञानाच्या देयकांवर संशोधन उपकर लावला. त्यातून देशी तंत्रज्ञानाला बळ देण्याची कल्पना होती. 1995 च्या कायद्याने तंत्रज्ञान विकास मंडळ आले. उपकर 2017 मध्ये रद्द झाला, मंडळ राहिले. देशी तंत्रज्ञान व्यापारी उत्पादनात आणणाऱ्या उद्योगाला मंडळ प्रकल्प खर्चाच्या 50 टक्क्यांपर्यंत कर्ज साध्या 5 टक्के व्याजाने देते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सच्या हेपॅटायटिस-बी लसीला मंडळाने साहाय्य केले होते. 1 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवप्रवर्तन योजनेत सज्जतेची पातळी चार किंवा त्यापुढे असलेल्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीचा पैसा देण्याची सोय आहे. पातळी पहिल्या भेटीत विचारावी, असे वर म्हटले ते यासाठीही.

संरक्षण क्षेत्रात वाट थोडी वेगळी आहे. डीआरडीओ एखाद्या उद्योगाला विकास आणि उत्पादनाचा भागीदार म्हणून निवडते तेव्हा त्याच्याकडून हस्तांतरण शुल्क घेत नाही. भारतीय उद्योगांना पेटंट मोफत वापरू देण्याचे धोरणही तिने जाहीर केले आहे. आवडीशी जवळीक असलेल्या गुम्मिडिपूंडीच्या यंत्रभाग उत्पादकांना हा रस्ता पाहण्यासारखा आहे.

कारखान्याच्या फाटकातले परवाने

नवी प्रक्रिया म्हणजे नवा कचरा, नवा धूर किंवा नवे सांडपाणी. तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून पाणी कायदा 1974 आणि हवा कायदा 1981 प्रमाणे घेतलेली जुनी संमती नव्या उत्पादनाला आपोआप लागू होत नाही. प्रक्रिया कमी प्रदूषण करणारी असली तरी उत्पादनाचे नाव आणि मात्रा संमतीपत्रात बदलून घ्याव्या लागतात. यंत्रांची मांडणी बदलली तर कारखान्याच्या नकाशाची मंजुरी लागते. म्हणून परवान्याच्या करारात उत्पादन सुरू करण्याची मुदत सहीच्या तारखेपासून न मोजता शेवटची सरकारी संमती मिळाल्यापासून मोजावी, अशी अट घालून घ्यावी. प्रयोगशाळेकडे कचऱ्याचे रासायनिक विश्लेषण आधीच मागावे. ते संमतीच्या अर्जाला लागतेच.

महाराष्ट्रातली दारे

मूळ गाव महाराष्ट्रात आणि कारखाना तमिळनाडूत, असे असलेल्यांनी आपल्याकडच्या संस्थांनाही विसरू नये. 1950 साली सुरू झालेली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा रसायन उद्योगासाठी आजही पहिला पत्ता आहे. गोव्याच्या माशेलात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर 1989 पासून तिचे संचालक होते आणि 1995 ते 2006 सीएसआयआरचे महासंचालक. पेटंट आणि उद्योगाशी व्यवहार यांना संशोधनाइतकाच मान मिळाला पाहिजे, ही भूमिका त्यांनी लावून धरली. या प्रयोगशाळेच्याच आवारात 2007 पासून व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांचे केंद्र आहे. तुर्भ्याच्या भाभा केंद्राने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस देणारे निसर्गऋण तंत्रज्ञान परवान्याने दिले आहे. डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला हा संयंत्रप्रकार माथेरानमध्येही बसवला गेला. कामगारांचे मोठे उपाहारगृह असलेल्या कारखान्याला तो उपयोगी पडू शकतो. या परवान्यांना राज्याची सीमा आड येत नाही.

सुरुवात एका पानाच्या पत्राने करावी. त्यात कारखाना काय बनवतो, महिन्याला किती बनवतो, कोणती अडचण सोडवायची आहे, त्यासाठी किती भांडवल घालता येईल आणि उद्यम नोंदणी क्रमांक काय, एवढेच लिहावे. पत्र संचालकांच्या नावे आणि प्रत व्यवसाय विकास विभागाला. उत्तर आल्यावर गोपनीयता करार, मग प्रात्यक्षिक, मग मसुदा, असा क्रम ठेवावा. मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी तो पेटंट एजंट, चार्टर्ड अकाउंटंट आणि पर्यावरण सल्लागार अशा तिघांना वाचायला द्यावा. तिघांच्या शंका एकत्र करून प्रयोगशाळेला एकाच वेळी लेखी कळवाव्यात. सरकारी संस्थेत प्रत्येक बदलाला वरिष्ठांची मंजुरी लागते. एकेक मुद्दा नेला तर महिने जातात, सगळे एकदम नेले तर एका बैठकीत निकाल लागण्याची शक्यता वाढते.